नव्वदावा दिवस

माझ्या पर्समध्ये शिंप्याची टेप असते. पिवळी, दीड मीटरची, टोकाला पत्र्याची पट्टी असलेली, नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली. ती ब्लाउजच्या मापासाठी नाही. आयसीयूत झोपलेल्या माणसाची उंची मोजायला लागते. तो माणूस उभा राहू शकत नाही, घशात नळी असल्यामुळे बोलू शकत नाही, आणि बाहेर नातेवाइकांना विचारावं तर उत्तर येतं, "असंन जी, पाच-सहा फूट." पाच आणि सहा यांच्यात एक अख्खा फूट असतो, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येणार?

मग सिस्टर पलंग सपाट करतात, पाय सरळ करतात. एक टोक त्या टाचेशी धरतात, दुसरं मी वर नेते. दीड मीटरला टेप संपते. तिथे गादीवर बोट दाबून ठेवायचं आणि तिथून पुढे मोजायचं. एवढी लाखोंची यंत्रं भोवती चालू असताना हे बोटाचं मोजमाप बघून नवीन रेसिडेंट डॉक्टर हसतात. पण व्हेंटिलेटरने दर श्वासाला किती हवा द्यायची हे या उंचीवरच ठरतं, वजनावर नाही. फुप्फुसं उंचीच्या मापाची असतात, पोटाच्या नाही. पुरुष असेल तर सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, ०.९१ने गुणायचं आणि ५० मिळवायचे. बाई असेल तर ५०च्या जागी ४५.५. जे किलो येतील त्याला सहाने गुणलं की मिलिलिटर.

हे सहा कुठून आले, ते पुढे सांगते.

धंतोलीच्या बाजूला एका हॉस्पिटलात मी स्टडी कोऑर्डिनेटर आहे. चौदा वर्षं झाली. सासूबाई शेजारणींना सांगतात, "डॉक्टरांकडे लिहाय-वाचायचं काम आहे तिचं," आणि याहून नेमकं मलाही सांगता येत नाही. आयसीयूत जे संशोधन चालतं त्याचे फॉर्म भरायचे. रोज सकाळी प्रत्येक बेडचा सोफा काढायचा. सोफा म्हणजे बसायचा नव्हे. फुप्फुस, रक्तातल्या प्लेटलेट, लिव्हर, रक्तदाब, मेंदू, किडनी अशा सहा गोष्टींना शून्य ते चार गुण द्यायचे, म्हणजे सगळे मिळून २४. परीक्षेच्या उलट, जितके जास्त तितकं वाईट. एकदा दाराशी उभ्या एका काकांनी आमचं बोलणं ऐकलं, "सात नंबरचा सोफा अकरा आहे," आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "मॅडम, हे सगळं बिलात लागते का?"

पण फॉर्म भरणं हा कामाचा सोपा भाग. अवघड काम आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर असतं. तिथे बाकड्यांवर, बाकड्यांखाली, चटयांवर अर्धा विदर्भ झोपलेला असतो. काटोल, उमरेड, भंडारा, गडचिरोली, आणि हद्द ओलांडून शिवनी, छिंदवाडा, बालाघाट. डबे, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवरच्या एकाच प्लगला लावलेले सहा मोबाइल. त्यांच्यातल्या एकाला हाक मारून मी विचारते, तुमच्या पेशंटला अभ्यासात घेऊ का?

बाकी सगळीकडे संशोधनाला ज्याचं शरीर त्याचा होकार लागतो. आयसीयूत ज्याचं शरीर आहे तो बेशुद्ध असतो, आणि होकार देतो त्याचा मुलगा, बायको, भाऊ. कायद्याच्या मराठीत त्याला 'विधिग्राह्य प्रतिनिधी' म्हणतात. पेशंट पुढे शुद्धीवर आला तर आम्ही पुन्हा त्याच्याकडे जातो: तुमच्या वतीने हो म्हटलं होतं, तुमचं काय म्हणणं आहे? बहुतेक जण मुलाकडे बघतात आणि मान हलवतात. एका आजींनी मात्र मुलाला माझ्यादेखत झापलं होतं, "मले न इचारता?" आणि मग अंगठा दिला.

त्या कागदांची मराठी हा वेगळाच विषय आहे. माहितीपत्रक इंग्रजीत तयार होतं, मग कुठेतरी कोणीतरी त्याचं मराठी करतं, आणि चौथ्या पानावर शब्द येतो: यादृच्छिकीकरण. मराठी घेऊन बारावी झाले तरी पहिल्यांदा वाचताना माझीच जीभ अडखळली होती. रात्री दीड वाजता बापाला व्हेंटिलेटरवर सोडून बाहेर आलेल्या माणसापुढे हा शब्द उच्चारायचा म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणंच. मी पान बाजूला ठेवते आणि म्हणते, तुमच्याकडे भिशी चालते ना? तशी चिठ्ठी. फक्त काढणारा माणूस नाही, कॉम्प्युटर.

काटोलकडच्या एका पोराशी हेच बोलणं झालं होतं. पोरगा म्हणजे तिशीतला बाप्या, संत्र्याचा बगीचा, पायात स्लीपर, डोळे लाल. वडिलांना सेप्सिस झालेला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला. अभ्यासातलं औषध बाजारात आधीपासून मिळणारं, महागडं, डॉक्टर बऱ्याचदा सवयीने लिहून देत असं. नाव सांगत नाही. अर्ध्या पेशंटना ते द्यायचं, अर्ध्यांना दिसायला तसंच पण नुसतं सलाइन. कोणाला काय गेलं हे ना त्याला कळणार, ना मला, ना डॉक्टरांना.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे डाक्टरालेच मालूम नाई का, कोणतं चांगलं हाय?"

मी म्हटलं, "नाही मालूम. मालूम असतं तर चिठ्ठी टाकलीच नसती."

वर्षानुवर्षं मी हे वाक्य गुळगुळीत करून सांगत असे. डॉक्टरांना काही माहीत नाही असं सांगितलं तर लोक बिचकतील, अशी भीती. अनुभव उलटा आहे. शेती करणाऱ्याला "आम्हाला माहीत नाही" हे ऐकायची सवय असते. पावसाचं, भावाचं, कशाचंच कोणाला माहीत नसतं. बिचकतात ते गूगल वाचून आलेले.

"औषद फुकट हाय ना जी?" त्याने विचारलं.

"अभ्यासातलं फुकट."

"मंग बुढा नाई म्हणणार नाई. सुतळीचा तोडा फेकू देत नाई तो." सही करता करता तो थांबला. "पण काय निघालं थे कळवसान ना मले?"

मी म्हटलं, हो. तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

आता अठ्ठावीस आणि नव्वदचं सांगते. आयसीयूतल्या अभ्यासांचा निकाल बहुतेकदा एका साध्या प्रश्नावर लागतो: अमुक दिवशी माणूस जिवंत आहे की नाही. अठ्ठावीसाव्या दिवशी, किंवा नव्वदाव्या. मोठमोठ्या मासिकांत जे टक्के छापून येतात, ते त्या-त्या दिवशी टाकलेल्या अशा शून्य आणि एकांची बेरीज असतात. अठ्ठावीसाव्या दिवशी पेशंट अजून आमच्याकडे असेल तर मी काचेतून बघते आणि लिहिते. नव्वदाव्या दिवशी तो घरी असतो, किंवा नसतो. मग फोन.

काटोलच्या त्या बुढ्याबापूंचं अठ्ठावीसाव्या दिवशी मी 'जिवंत' लिहिलं. ते एकेचाळीसाव्या दिवशी गेले, घरी, स्वतःच्या खाटेवर. एका रकान्यात जिवंत, दुसऱ्या रकान्यात मृत, आणि अभ्यासाच्या दृष्टीने दोन्ही खरं. मला मात्र तो फॉर्म भरताना दोन वेगळ्या माणसांबद्दल लिहितेय असं वाटलं होतं.

नव्वदाव्या दिवसाचा फोन करायला मला कोणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी मी सरळ विचारायचे, "पेशंट आहेत का?" पलीकडून एकदम शांतता. आता मी म्हणते, "मी हॉस्पिटलातून बोलतेय, तुमच्या घरी कसं चाललंय विचारायला," आणि गप्प बसते. उत्तर आपोआप येतं. बायका बहुतेक रडत नाहीत, दूध उतू जातंय म्हणून थांबायला सांगतात आणि परत येऊन तिथूनच पुढे बोलतात. पुरुष फोन दुसऱ्याकडे देतात. कधी फोन पेशंटच उचलतो, आणि तो दिवस माझा चांगला जातो.

असा पेशंट सापडला की प्रश्नावली असते. चालता येतं का, अंघोळ स्वतःची स्वतः करता का, रोजची कामं, दुखणं, काळजी-उदासी. शेवटी एक मोजपट्टी, शून्य ते शंभर: आजची तब्येत किती? उमरेडच्या एका गवंड्याने विचार करून सांगितलं, "पस्तीस टाका." मी म्हटलं, एवढे कमी का? तर म्हणे, "पास तं झालो ना मॅडम." हात थरथरतात, ओळंबा धरवत नाही, पुतण्या हाताशी येतो पण भिंत वाकडी उठते. त्या पस्तीसमध्ये हे सगळं होतं. फॉर्ममध्ये पस्तीसच गेलं. आयसीयूतून वाचलेल्या माणसाला पुढे महिनोन्महिने जे अशक्तपण, विसराळूपण, रात्रीची भीती सतावते त्याला आता डॉक्टरीत स्वतंत्र नाव आहे. अगदी अलीकडे, गेल्या दीड दशकात पडलेलं. त्याआधी माणूस दाराबाहेर चालत गेला की आमच्या लेखी तो बरा.

संशोधन म्हणजे काहीतरी नवं सापडणं असं लोकांना वाटतं. मी जे पाहिलं ते बहुधा उलट: आपण करत होतो ते करायची गरज नव्हती, असं कळणं. आणि कधीकधी कळूनही गोंधळ. आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की फवारणीच्या विषाचे पेशंट येतात, काही फवारताना बाधलेले, काही मुद्दाम प्यायलेले. अट्रोपिन हा उतारा सुरू होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस हवेतलं काहीतरी वेचत बडबडतो. सोबत 'पॅम' हे दुसरं उताऱ्याचं औषध द्यायचं की नाही, यावर डॉक्टरांचे दोन पक्ष. २००६ साली बारामतीच्या एका हॉस्पिटलातला अभ्यास 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात आला होता. २०० पेशंट, पॅमचा मोठा डोस सतत चालू ठेवलेल्यांत मृत्यू १ टक्का, थोडं थोडं दिलेल्यांत ८. बारामतीचं नाव लॅन्सेटमध्ये, याचंच मला केवढं अप्रूप! मग २००९ साली श्रीलंकेतला अभ्यास आला, २३५ पेशंटांचा. तिथे पॅम दिलेल्यांत २४.८ टक्के गेले, न दिलेल्यांत १५.८. कोण खरं? दोन्ही खरे असू शकतात. एकीकडे पॅम देण्याच्या दोन पद्धतींची तुलना, दुसरीकडे पॅम विरुद्ध काही नाही. विषं निराळी, माणूस किती तासांनी पोचला ते निराळं. मी कोऑर्डिनेटर, निकाल देणारी कोण? पण पावसाळ्यात राउंडला हा वाद सुरू झाला की मी मनात बारामतीच्या बाजूने असते, आणि ते चूक आहे हेही मला माहीत असतं.

प्लाझ्माचं तर सगळ्यांनी बघितलं. २०२०च्या एप्रिल ते जुलैमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटांवर करोनातून बरे झालेल्यांच्या प्लाझ्माचा अभ्यास केला, ऑक्टोबरमध्ये तो छापूनही आला: आजार बळावणं किंवा मृत्यू, दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे काही नाही. आणि २०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं? रात्री-बेरात्री व्हॉट्सॲपवर, "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट, रामदासपेठ." माझ्या नंदेचे यजमान स्कूटरवर ब्लड बँकांचे उंबरे झिजवत होते. मी त्यांना फोनवर सांगितलं, भाऊजी, याने फरक पडत नाही, अभ्यास झालाय. ते म्हणाले, "तू राहू दे. माझा भाऊ आहे तो." मी गप्प बसले. मे महिन्यात सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा काढून टाकला. तोवर पेट्रोल, पैसे, झोप, सगळं खर्च होऊन गेलं होतं. त्याच साथीत खरोखर उपयोगी ठरलं ते डेक्सामेथासोन, कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं जुनंपानं स्वस्त इंजेक्शन. इंग्लंडातल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्यांचा मृत्युदर त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आला. त्याच्यासाठी मात्र कोणी स्कूटर काढली नाही. स्वस्त औषधावर आपला जीव जडत नाही.

पुढच्याच वर्षी माझे बाबा आयसीयूत गेले, आमच्या नाही, दुसऱ्या हॉस्पिटलात. न्यूमोनिया, मग व्हेंटिलेटर. मी पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या बाजूला. भेटायची वेळ अकरा ते सव्वाअकरा. आत गेले आणि बाबांच्या तोंडाकडे बघायच्या आधी डोळे स्क्रीनवर गेले. सवय, दुसरं काय. तिथे लिहिलेलं होतं ३७०.

बाबा १६५ सेंटिमीटर. वजन ८४ किलो, रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून पोट सुटलेलं. मोबाइल काढून कॅल्क्युलेटरवर केलं: १२.६ गुणिले ०.९१, अधिक ५०, साडेएकसष्ट. गुणिले सहा, ३६९. कोणीतरी नीट मोजलं होतं, पोटाकडे न बघता.

हे सहा २००० सालचे आहेत. त्याआधी सर्रास किलोमागे १०-१२ मिलिलिटर, कधी त्याहून जास्त, द्यायचे. जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं, हे कोणालाही पटेल. अमेरिकेत ८६१ पेशंटांवर चिठ्ठी टाकून बघितलं: बाराच्या गटात ३९.८ टक्के गेले, सहाच्या गटात ३१. दुखावलेल्या फुप्फुसाला मोठा श्वासच फाडत होता. ८६१ माणसं, आणि त्यांच्यासाठी कुठल्यातरी दाराबाहेर सही करणारी ८६१ घरं. त्यातल्या बाराच्या गटातल्यांच्या घरी पुढे कोणी फोन केला असेल का, हे बाबांचा हात धरून उभी असताना माझ्या डोक्यात आलं. सव्वाअकराला वॉर्डबॉयने, "चला ताई," म्हणून बाहेर काढलं.

बाबा घरी आले. आयसीयूतलं त्यांना एवढंच आठवतं की गाडी इटारसीला थांबून राहिली होती आणि सिग्नल मिळत नव्हता. तो टिंग-टिंग आवाज, हिरवे-लाल दिवे, रात्रभर चाकं ओढल्याचा खडखडाट. ३४ वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाने दुसरं काय समजावं? आई सांगते, अजून मध्यरात्री उठून विचारतात, "सुटली का?"

काटोलच्या अभ्यासाचा निकाल यायला पुढे बरीच वर्षं लागली. एका दुपारी डॉक्टरांच्या मेलवर पेपर आला, त्यांनी वाचला, "चला, एक औषध कमी झालं," म्हणाले आणि ओपीडीला गेले. मला ते वचन आठवलं. अभ्यास चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाला विचारलं, नातेवाइकांना कळवायची काही सोय आहे का? तो म्हणाला, प्रोटोकॉलमध्ये नाही. माणसांवरच्या संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २०१३ सालापासून स्पष्ट लिहिलंय की भाग घेणाऱ्याला निकाल कळून घ्यायचा पर्याय मिळाला पाहिजे. आमच्या भिंतीवर तो फ्रेम करून लावलाय, वॉटर कूलरच्या वर. मी आमच्या एथिक्स कमिटीला अर्ज टाकला. दोन मीटिंगा गेल्या, तिसरीत एका वकील मॅडमनी विचारलं, "यात मनाई कुठे आहे?" कुठेच नव्हती. परवानगी मिळाली.

फॉर्मवरचा नंबर बंद होता. दुसरा, भावाचा, लागला. त्याने तिसरा दिला. नोव्हेंबर होता, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू. पलीकडे क्रेट आपटल्याचे आवाज.

"कोन बोलून राह्यलं?"

सांगितलं. ओळख पटायला वेळ लागला, पटल्यावर तो म्हणाला, "थांबा जी, जरा बाजूले होतो." आवाज मागे पडले. "बोला."

"तुम्ही म्हटलं होतं, काय निघालं ते कळवा."

"मी म्हटलं होतं?"

"हो. सही करताना."

तो काही बोलला नाही. मी सांगितलं, काही फरक पडला नाही. औषध दिलेले आणि सलाइन दिलेले, दोन्हीकडे सारखंच निघालं. त्याच्या वडिलांना काय गेलं होतं ते माझ्याकडे नाही.

"मंग आता थे औषद देत नाई कोनाले?"

"आमच्याकडे बंद झालं."

"केवढ्याचं होतं?"

मी एका दिवसाची किंमत सांगितली.

"रोजचे?"

"रोजचे."

"अरे बापरे." आणि मग तो हसला, मोकळा, मोठ्याने. "म्हणजे लोकायचा येवढा पैसा वाचवला बुढ्यानं?"

मी म्हटलं, एकट्याने नाही, पुष्कळ जण होते त्यात.

"असतीन ना जी. पण आमचा बुढा पुढं असंन." मग फोनपासून तोंड वळवून तो कोणावर तरी ओरडला, "अबे, थे क्रेट उनात नोको ठेवू," आणि परत माझ्याकडे, "हं मॅडम, आनखी काही इचारायचं हाय का?"

"नाही," मी म्हटलं, "आज सांगायलाच फोन केला होता."